आपांनी नापास केलेला पाऊस

"कसं वाटलं?" असं कुलसूम आपांना विचारायची सोय नव्हती. विचारणारा बिचारा रीत म्हणून विचारी, आपा खरंच उत्तर देत. एकदा आम्ही दोघी शाळेच्या शिपायाकडं बारशाला गेलो होतो. त्याच्या म्हाताऱ्या आईनं पाळण्यावरची चादर बाजूला सारून हौसेनं विचारलं, कसं आहे बाळ? आपांनी चष्मा पुसला, पाळण्यात वाकून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक बापाचं घेतलंय. बाकी ठीक हाय." मग पेढा तोंडात टाकला आणि त्याच सुरात म्हणाल्या, "खवा जुना हाय."

त्यांच्याकडं दर्जे तीनच. पास, नापास आणि 'घरी पाठवा'. माणसं, आमटी, सरकारी हुकूम, नव्या साड्या, सगळ्यांना हेच तीन दर्जे. 'पास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून इतका क्वचित ऐकला की ऐकला तेव्हा कुठं बसले होते तेही आठवतं.

बीडला तेव्हा निजामाचं राज्य. मुलींच्या शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून चाले. मराठीला दिवसाचा एक तास होता आणि तो माझा. आपा भूगोल आणि हिशेब शिकवत. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, उंच, काटक, पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीत नसावं. शाळेच्या दारातून आत आल्या की बुरखा डोक्यामागं टाकत, हातरुमालानं खुर्ची पुसत, रुमालाकडं बघत आणि मग शिपायाकडं बघत. शिपायाला रोजचा तेवढा धडा पुरे होई. उर्दू त्यांची किताबी होती, पण मराठी गेवराईकडच्या बांधावरची, कारण जन्म तिकडचा. नवरा जंगल खात्यात होता. तो तापानं लवकर गेला. जाण्याआधी त्यानं बायकोला औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. ते अर्धंच राहिलं. "माझं इंग्रजी खोकल्यापर्यंत पोचलंय, हाडापर्यंत न्हाई," असं त्या म्हणत. पण त्या अर्ध्या इंग्रजीनंच त्यांना तंबूत नेलं.

उरुसाच्या दिवसांत बिंदुसरा नदीच्या वाळूत भिकाशेटचा बायस्कोपचा तंबू लागे. भिकाशेट नगरकडचा, जाडजूड आणि मऊ बोलणारा माणूस. देवादिकांची चित्रं मोठ्या तंबूवाल्यांनी आधीच धरून ठेवलेली असत, म्हणून हा मुंबईहून झिजलेली परदेशी चित्रं आणी. त्यांत अजब यंत्रं असत. चंद्रावर नेणारं यंत्र, माणसाचं माकड करणारं यंत्र, काय वाटेल ते. गावात दवंडी फिरे, "विज्ञानाचा चमत्कार, आज बघा, उद्या पस्तावाल." चित्रं मुकी. मधेमधे पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत, ती कुणाला वाचता येत नसत. म्हणून पुरुषांच्या खेळाला एक दाढीवाला माणूस हातात काठी घेऊन पडद्याशेजारी उभा राही आणि गोष्ट सांगे. बायकांचा खेळ जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारी, तंबूवर काळ्या ताडपत्र्या टाकून. तिथं पुरुष कसा चालेल? तिथं भिकाशेटची बायको सांगायची. त्या वर्षी तिची लेक बाळंतपणाला आली होती म्हणून ती नगरलाच राहिली आणि भिकाशेट शाळेच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. इंग्रजी वाचणारी बाईमाणूस बीडात कुणी असेल तर सांगा म्हणाला.

आपा नकाशा गुंडाळत होत्या. "मी सांगीन," त्या म्हणाल्या. "पण जे दिसंल तेच सांगीन. जे न्हाई ते सांगनार न्हाई."

भिकाशेटला ही अट म्हणजे गुण वाटला. तो हात जोडून गेला.

पहिल्या जुम्म्याला खेळ होता लोखंडी माणसाचा. कुठल्याशा गोऱ्या मुलखातला एक शास्त्रज्ञ लोखंडाचा नोकर घडवतो. तो घर झाडतो, चहा आणतो, पुढं मालकाच्या मुलीवर त्याचा जीव जडतो आणि शेवटी तो स्वतःला नदीत लोटून देतो. पुरुषांच्या खेळाला म्हणे दाढीवाला शेवटी रडायचा आणि सगळा तंबू रडवायचा. आपा पडद्याशेजारी उभ्या राहिल्या, हात मागं बांधून, वर्गात राहतात तशाच.

"हा बघा लोखंडाचा माणूस," त्यांनी सुरुवात केली. "गुडघ्याकडं बघा. वाकला की घडी पडती. लोखंडाला घडी पडती का? ... आता झाडू घेतला. झाडतोय. कचरा कुठं गेला? पलंगाखाली. म्हंजी आतमधी माणूसच हाय, पुरुषमाणूस."

बायका पुढं सरकल्या. अत्तरवाल्यांची सून धीट होती. ती अंधारातून म्हणाली, "आपा, तरी आसला गडी घरात असला तर बरं की."

"हाय की तुझ्या घरी. बोलत न्हाई, ऐकत न्हाई, हलवल्याबिगर हलत न्हाई. ह्यो फकस्त गंजतो, तेवढाच फरक."

तंबूबाहेर तेलाचं इंजिन धडधडत होतं, ते हसण्यात ऐकू येईना. शेवटी लोखंडी माणूस नदीत पडला तेव्हा आपा एवढंच म्हणाल्या, "लोखंड हाय, बुडणारच. त्यात नवल काय." बायका डोळे पुसत बाहेर पडल्या, पण हसून आलेलं पाणी पुसत. भिकाशेट बाहेर पांढरा पडून उभा होता. आपल्या धंद्याला या बाईनं चूड लावली असं त्याला वाटलं. पुढच्या जुम्म्याला तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. मोमिनपुऱ्याच्या बायका, पेठेतल्या बायका, ज्या घरातून खिडकीसुद्धा उघडत नसत त्या घरच्या बायका, मेण्यातून, टांग्यातून, चादरीच्या आडोशानं आल्या. त्या चित्र बघायला आल्याच नव्हत्या. आपा चित्राचं काय करतात ते बघायला आल्या होत्या. भिकाशेटनं त्यानंतर तोंड उघडलं नाही.

म्हाताऱ्याला तरुण करणाऱ्या कपाटाचं एक चित्र होतं. वाकलेला म्हातारा कपाटात शिरतो, धूर निघतो आणि आतून मिशांना पीळ देत जवान बाहेर येतो. दुसऱ्या क्षणाला त्याच्याभोवती पोरी नाचायला लागतात. आपा म्हणाल्या, "ह्याची म्हातारी कुठं हाय? सुरुवातीला चुलीपाशी बसली होती. तिला कावून न्हाई घातलं कपाटात?" त्यानंतर चित्रभर बायका एकच विचारत राहिल्या, म्हातारी कुठं गेली? ती म्हातारी पुन्हा पडद्यावर आलीच नाही. आपांनी त्या चित्राला 'घरी पाठवा' दिलं.

मला स्वतःला यातली बरीच चित्रं आवडत. मंगळावरचं एक चित्र तर मी दोनदा पाहिलं. त्यात एक पंख असलेलं जहाज होतं, काचेचे महाल होते, मंगळाच्या राणीच्या डोक्यावर चांदण्यांचा मुकुट होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आपांना म्हटलं, "आपा, तुम्ही काही म्हणा, मंगळाचं चित्र सुरेख होतं. माणसाच्या कल्पनेची झेप तरी बघा."

आपांनी अडकित्ता खाली ठेवला. "झेप? यमुनाबाई, सांगा मला, मंगळावर काय बघितलं तुमी?"

"महाल. राजा. राणी."

"अजून?"

"दरबार होता. भालदार-चोपदार होते."

"आन् बाया कुठं होत्या?"

मी आठवून म्हटलं, "मागं. पंखे घेऊन."

"एवढं आभाळ फोडून गेले. खाणं न्हाई, पाणी न्हाई, महिनोन् महिने गेले. आन् तिथं काय, तर राजा बसलाय, चोपदार वरडतोय आन् बाया मागं उभ्या ऱ्हाऊन वारा घालतायत. हेच बघायचं तर आपल्या जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांची कचेरी काय वाईट हाय? पायी जाता येतं." त्यांनी सुपारी पुन्हा कातरायला घेतली. "ज्याला आपल्या गल्लीच्या पलीकडचं सुचत न्हाई त्यानं मंगळावर जाऊ न्हाई. नापास."

मला राग आला होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी फारशी बोलले नाही. पण आजतागायत तसलं काही पाहायला बसले की आधी डोळे मागं जातात, पंखे घेऊन कोण उभं आहे ते बघायला. आनंद थोडा कमी होतो. तेवढी फीही त्या घेऊन गेल्या म्हणायची.

आता पास झालेल्या चित्राबद्दल. ते भिकाशेटला कुणीतरी गळ्यात मारलं होतं. जुनं, ओरखडे पडलेलं, सुरुवातीचा भागच नव्हता आणि अक्षरांच्या पाट्याही कुणीतरी कापून टाकलेल्या. एक म्हातारी असते. नवरा मेलेला, त्याची मोठी दुर्बीण गच्चीवर तशीच. एके रात्री ती सहज डोळा लावते. एका ताऱ्यावर तिला एक खिडकी दिसते आणि खिडकीत दुसरी एक बाई, तीही दुर्बिणीला डोळा लावून इकडंच बघत असते. दोघी दचकतात. मग ही हात वर करते. तीही हात वर करते. पुढं बरेच दिवस ढग. ढग जातात तेव्हा खिडकी रिकामी असते. म्हातारी रोज गच्चीवर जाते. शेवटी एकदा त्या खिडकीत दिवा लावून ठेवलेला दिसतो, आणि तिथंच फीत संपते.

यंत्र नाही, लढाई नाही, राजा नाही. बायका चुळबुळायला लागल्या. "आपा, सांगा ना कायतरी. ह्यात हाय काय?" आपा पडद्याशेजारी उभ्या होत्या, हात मागं बांधलेले. त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. दोनचार जणी उठून गेल्या. अत्तरवाल्यांच्या सुनेनं मोठ्यानं जांभई दिली. पांढरा पडदा झाल्यावर आपा म्हणाल्या, "झालं," आणि बुरखा ओढून आमच्या आधी बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या मागच्या ओट्यावर, निंबाच्या सावलीत बसलो होतो. मी जपून विचारलं, "कालचं चित्र?"

"पास," आपा म्हणाल्या.

मी निंबाच्या काड्या वेचायला लागले. बोलले असते तर त्यांनी दर्जा बदलला असता.

"त्यात कुणी कुणाकडं गेलं न्हाई," थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या. "कुणी कुणाला जितलं न्हाई. एकीनं दुसरीला बघितलं. दुसरीनं बघितलं की आपल्याला बघितलंय. बास. त्याच्यासाठी दुर्बीण लावायची आसती." मग एकदम सावरून, "पण बयेनं दुर्बीण उलटी धरली होती. लहान तोंड डोळ्याला लावत्यात. तेवढे गुण कापले."

यानंतरच्या वर्षी पाऊस झाला नाही. बिंदुसरेत नुसती वाळू, विहिरींना तळ दिसायला लागलेला. असल्या वर्षी तंबू येणार नाही असं वाटलं होतं, पण भिकाशेट आला, आणि येताना पावसाच्या यंत्राचं चित्र घेऊन आला. माझ्या मते ते त्यानं मुद्दाम शोधून आणलं होतं. माणसाच्या तहानेवर धंदा करायला मऊ बोलणं फार उपयोगी पडतं.

चित्र असं की कोरडा मुलूख, एक टकल्या शास्त्रज्ञ. तो डोंगरावर उंच भट्टी बांधतो, तिच्यात लाकूड आणि कसली तरी पूड जाळतो, धूर आभाळात जातो, ढग होतात आणि धो धो पाऊस कोसळतो. लोक टकल्याला खांद्यावर घेऊन नाचतात. पुरुषांचे खेळ दिवसाला तीन व्हायला लागले.

आमच्याकडून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, वंश अजून नांदतो आहे. तिथल्या देशमुखांनी ते चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात भट्टी पेटली. हे गृहस्थ हैदराबादेहून बूट आणि दोनचार नवे शब्द घेऊन आलेले. गावाजवळच्या टेकाडावर त्यांनी विटांचं बांधकाम काढलं. लाकूड कुठून आणायचं? तर ओढ्याकाठची आमराई. ती कागदोपत्री देशमुखांची, पण आजोबांनी गावासाठी लावलेली. त्या वर्षी सगळ्या शिवारात हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. तिच्यातल्या विहिरीला पाणी होतं, गावची जनावरं दुपारी तिथं बसत आणि गरिबाघरी त्या उन्हाळ्यात कैरीवर दिवस निघणार होते. गावातल्या बायकांनी आमराई तोडायला विरोध केला आणि त्यांच्या पुढं होत्या देशमुखांच्या थोरल्या भावाची विधवा, वहिनीसाहेब. देशमुखांना वाटलं, अडाणी बायका, विज्ञान बघितलं की गप्प होतील. म्हणून त्यांनीच गाड्या जुंपल्या आणि गावातल्या बायका जुम्म्याच्या खेळाला बीडला पाठवल्या. बरोबर भिकाशेटला निरोप, की नीट समजावून सांगायला लावा.

भिकाशेट सकाळीच आपांच्या दारात आला. मी तिथंच होते. "आपा, आजच्या दिवस तेवढं चित्राला धरून बोला," तो म्हणाला. "मोठी माणसं आहेत."

"मी कायम चित्रालाच धरून बोलते, शेट," आपा म्हणाल्या.

गाड्या दुपारी आल्या. वहिनीसाहेब जाड बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या बाई. धुळीनं माखलेल्या तशाच त्या आपांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "आमच्या दिरांनी सांगितलंय, खेळ बघून या, मग बोला. आमी आडाणी हाव. हे खरं हाय का?"

मला वाटलं, आता आपांच्या जिभेवर काहीतरी येणार. पण त्या म्हणाल्या, "धुरानं पाऊस पडतो का न्हाई ते मला बी ठाऊक न्हाई. या, मिळून बघू."

खेळ सुरू झाला. आपा जे दिसेल ते सांगत होत्या, भट्टी, धूर, ढग, कुठं खोच नाही की टोमणा नाही. भिकाशेटला बाहेर हायसं वाटलं असणार. मग पडद्यावर पाऊस आला. तंबूत एकदम श्वास रोखल्यासारखं झालं. त्या गावच्या बायकांनी वर्षभरात पाऊस पाहिला नव्हता. कुणीतरी रडायला लागलं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पडद्याला हात जोडले आणि पदर पुढं पसरला. आपा थांबल्या. मी शेजारीच होते. त्यांच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हलत होता. बोलावं की नाही, असं त्यांना झालेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

"आजी," त्या हळू म्हणाल्या, "हात सोडा जरा. पाऊस कुणाच्या अंगावर पडतोय?"

"त्या टकल्याच्या," म्हातारी म्हणाली.

"अजून कुणाच्या?"

"नाचत्यात त्यांच्या."

"मागं भिंत हाय. भिंतीपाशी काय हाय?"

कुणालाच कळेना. अंधारातून वहिनीसाहेबांचा जड आवाज आला. "कुत्रं हाय."

"काय करतंय?"

"झोपलंय." मग थोड्या वेळानं, "कोरडं हाय. उन्हात झोपलंय."

सगळ्या बायका कुत्र्याकडं बघायला लागल्या. पुढं बादल्यांनी ओतल्यासारखा पाऊस आणि मागं ते कुत्रं कुशीवर पडलेलं, सावली काळीभोर, कानसुद्धा हलवत नाही. आपांनी मागं यंत्राच्या खोपटाकडं तोंड करून यंत्र फिरवणाऱ्याला सांगितलं, "मागं फिरव. पुन्हा बघू दे." त्यानं दांडा उलटा फिरवला आणि पडद्यावर पाऊस जमिनीवरून उठून सरळ आभाळात जायला लागला. टकल्या खांद्यावरून खाली उतरला, ढग भट्टीत शिरले.

"हे यंत्र तेवढं खरं दिसतंय," आपा म्हणाल्या. "आलेला पाऊस परत नेतं. आपल्या मुलखात हेच बसवलंय."

तेव्हा हसू फुटलं. पण ते लोखंडी माणसाच्या वेळचं हसणं नव्हतं. त्यात राग होता. ती पदर पसरलेली म्हातारी हसत नव्हती. ती पदर झटकून पुन्हा खांद्यावर घेत होती.

गाड्या संध्याकाळी परत गेल्या. पुढचं मला वहिनीसाहेबांच्या गाडीवानाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी देशमुख बूट घालून टेकाडाकडं निघाले, तर पारावरून मागून कुणीतरी विचारलं, "मालक, कुत्रं उठलं का?" त्यांना काही कळेना. दुपारी ओढ्यावर तेच, गोठ्यापाशी तेच. संध्याकाळी त्यांना अर्थ कळला आणि त्यांनी रागानं सकाळची वाट न बघता आमराईत कुऱ्हाडी घातल्या. बांधाकडची झाडांची रांग गेली. सकाळी माणसं आली तर वहिनीसाहेब आमराईत बाज टाकून बसलेल्या, भोवती गावातल्या बायका, पोरंसोरं, भाकरीच्या टोपल्या. कुऱ्हाडी हातात घेऊन आपल्याच आयांसमोर ते गडी उभे राहिले, आणि मग एकेकानं कुऱ्हाड खाली ठेवली. भावाच्या विधवेला ओढून काढायचं तर देशमुखांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आमराई वाचली. पण बांधाकडची रांग गेली ती गेलीच, हे आपा कुणालाही विसरू देत नसत. कुणी त्यांचं कौतुक केलं की म्हणत, "कापलेली झाडं दाखवून मग बोला."

देशमुखांनी भट्टी अर्धवटच पेटवली, बाभळीच्या काट्यांवर. धूर सगळा गावात शिरला आणि आठवडाभर गाव खोकत होतं. पुढच्या साली पाऊस आपल्या वेळेला आला, तोही जेमतेम. देशमुखांनी तालुक्यात सांगितलं, हा आमच्या यंत्राचा पाऊस.

"अर्ध्या भट्टीचा अर्धा पाऊस," आपा म्हणाल्या. "नापास."

तक्रार झालीच. पुढच्या उरुसाला तंबू पुन्हा लागला तसे शिक्षण खात्याचे एक साहेब आले. उर्दूत बोलणं झालं. मी शेजारच्या वर्गात फळा पुसत होते, म्हणजे पुसायचं निमित्त करत होते.

"बाई, तुम्ही तंबूत उभ्या राहून यंत्रांची टिंगल करता," साहेब म्हणाले. "सरकार तरक्कीच्या बाजूचं आहे."

"साहेब, ती यंत्रं नव्हती, यंत्रांची चित्रं होती. तंबूत खरं यंत्र एकच होतं, हातानं फिरवायचं. त्याची टिंगल मी कधी केली नाही."

साहेबांचा आवाज खाली आला. माणूस वाईट नसावा, पण त्यांच्या टेबलावर देशमुखांचा शब्द वजन ठेवल्यासारखा पडला होता. "तंबू सोडा, नाहीतर बदली घ्या."

"जुम्म्याला शाळा बंद असते. तो दिवस माझा आहे."

बदलीचा हुकूम महिन्याभरात आला, पार तेलंगणाच्या कडेला, जिथं मराठीचा एक शब्द कुणाला येत नव्हता. आपांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "हस्ताक्षर बघा. लिहिणाऱ्या पोराला तिसरीत बसवलं आसतं मी." त्या दिवशी त्यांनी मुलींना नद्या शिकवल्या आणि एकदाही आवाज चढवला नाही, त्यावरून मला कळलं.

त्यानंतरच्या जुम्म्याला भिकाशेटची बायको सांगायला उभी राहिली. तिनं चित्रातलं सगळं गोड करून सांगितलं. अत्तरवाल्यांची सून अर्ध्यातून उठली आणि तिच्यामागं बायका उठत गेल्या. भिकाशेट आपांकडं येऊन डोळे पुसत बसला. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "शेट, रडताना बी तुमाला बाया मोजायची सवय हाय. जावा आता." तरी तो गेल्यावर त्या बराच वेळ दारात उभ्या होत्या, नदीच्या वाळूकडं तोंड करून.

जायच्या दिवशी मी त्यांना मोटारीवर पोचवायला गेले. सर्व्हिस मोटार तेव्हा नवी सुरू झाली होती. मागच्या भागात बायकांसाठी गोणपाटाचा पडदा बांधलेला. आपा पूर्वी कधी मोटारीत बसल्या नव्हत्या, कायम टांगा नाहीतर बैलगाडी. पडद्याआड शिरतानाच त्यांनी बाक, फळी, छताचं कापड, सगळ्यांचा निकाल लावला. ड्रायव्हर पुढं दांडा फिरवत होता. गाडी खोकायची आणि गप्प व्हायची. आतून आवाज आला, "सुरू होत नसंल तर सांगा, आमी उतरून ढकलू." ड्रायव्हर ओशाळून आणखी जोरानं फिरवायला लागला.

मी पडद्याजवळ उभी राहून काय बोलावं ते शोधत होते. आपाच म्हणाल्या, "यमुनाबाई, उन्हात नका उभ्या ऱ्हाऊ. निघंल तवा निघंल. तुमच्या पोरींचं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं हाय, तिकडं बघा."

"बघते," मी म्हटलं.

गाडी एकदम धडधडली आणि निघाली. धुरळा उडाला, मी पदर नाकाला लावला. धुरळ्यातून मला गोणपाटाच्या पडद्याची कड हलताना दिसली आणि तिच्यातून एक हात बाहेर आला, बांगडी नसलेला, कोपरापर्यंत. मला वाटलं, त्या निरोप देतायत, म्हणून मीही हात वर केला. पण तो निरोपाचा हात नव्हता. आपांनी तळवा वाऱ्याच्या तोंडावर धरला होता, बोटं फाकून, आणि वेग वाढला तसा तो हात वाऱ्यावर हळूहळू वरखाली होत होता. नदीकडचं वळण येईपर्यंत त्यांनी तो आत घेतला नाही.